फळ्यावरची चांदणी

परवा दाढेला लवंगेचं तेल लावलं आणि साठ-बासष्ट सालची अमरावतीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. तिथल्या काचपट्ट्यांना हाच वास असे. त्या दिवशी बकरीच्या मज्जारज्जूतली चेतापेशी सूक्ष्मदर्शकातून बघून वहीत काढायची होती. तासभर भिंगाला डोळा लावून मी चांदणीसारखी पेशी काढली, अगदी सरांनी फळ्यावर काढली होती तशीच. सरांनी लगेच सही केली. तेवढ्यात काचपट्ट्या तयार करणारे चाचा धावत आले. “सर, गलती झाली! मज्जारज्जूची डबी कपाटातच हाये. पोट्ट्यायले मी मेंदूच्या काचा देल्ल्या.” मी पुन्हा भिंगात पाहिलं आणि हादरलोच. चांदणी कुठंच नव्हती. फांद्या पसरलेलं काळंभोर झाड होतं. तासभर तेच माझ्या डोळ्यासमोर होतं! ती वही अजून माझ्याजवळ आहे. चांदणीखाली सरांचा लाल शाईतला शेरा आहे, ‘निरीक्षण उत्तम’.