जहाजवाल्या डॉक्टरांची जीप

डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीला विज्ञान शिकवत होतो. तास पूर्ण करूनच निघालो. त्यांना ते आवडलं असतं असं तेव्हा वाटलं; आता तितकीशी खात्री नाही...

नौदलात उभी हयात शस्त्रक्रिया करून ते धामणगाव बढ्याला परतले. गाव त्यांना 'जहाजवाले डॉक्टर' म्हणायचं. देव, मुहूर्त, भविष्य, काहीच मानत नसत. जहाजावरची एक सवय मात्र सुटली नाही: जीप कायम रस्त्याकडे तोंड करून उभी, आतली औषधांची पेटी दोरीनं बांधलेली. मी त्यांचा पक्का चेला. अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव भाषणं ठोकायचो. साप चावला की लोक आधी सुखदेवबाबांकडे मंत्र घालायला धावत आणि तिथेच वेळ जाई. एक बाई अशीच गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाबांच्या ओसरीवर जाऊन बसले. "बाबा, मंतर म्हना, मी नाही म्हनत नाही. पन माह्या गाडीत बसून म्हना. गाडी दवाखान्यात जाऊ द्या."

बाबा कबूल झाले. भडकलो मी. ज्याला खोटं म्हणायचं, त्यालाच पुढच्या सीटवर बसवायचं? "तुम्ही माघार घेतली," मी तोंडावर म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "रोगी तं दवाखान्यात पोचते ना बे?" त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही आणि मग ते गेलेच. याची खंत आहे, लपवत नाही. देह त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला दिला, जीपची किल्ली मला. का, ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात, भर दुपारी, सुखदेवबाबा शेजारच्या मंदाला घेऊन माझ्या दारात आले. कपाशी निंदताना पायाला साप चावला होता. पाय हलू नये म्हणून बाबांनीच तो फळीला बांधला होता. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा. बाबा जीपमध्ये पुढे बसले, पण ओठ मिटून. मोताळ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर मागून मंदा रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मंतर काऊन नाही म्हनून राह्यले? मी वाचत नाही का?"

"मास्तरले चालत नाही, बाई."

तिचा श्वास मला पुढे ऐकू येत होता. "म्हणा बाबा," मी म्हणालो. "मोठ्यानं म्हणा."

मंदा वाचली. दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी वाचली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परत आल्यावर मी जीप नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून लावली. बाबा उतरेनात.

"फिरवा," म्हणाले. "डाक्टर अशी नव्हते लावत."

मी फिरवली.