लावणीचा दिवस

आमच्याकडे लावणीचा दिवस मोजत नाहीत. वाफ्यातून उपटून सरीवर लावलेलं रोप त्या दिवशी मान टाकून पडलेलं असतं. ते जगणार की नाही हेच ठरलेलं नसतं, मग त्याचा दिवस कसला धरायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी ते जरा उभं राहिलं की तिथून पहिला दिवस. बाबांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला हे शिकवलं तेव्हा आम्ही दोघंही अर्ध्या चड्डीत होतो. वणा नदीच्या काठी आमचं दोन एकर वावर, त्यात वांगी, कोबी, पालक. घरातल्या कॅलेंडरवर पिकाच्या दिवसांच्या खुणा. मी पुढे बी.ए. केलं, पण खुणा करणं काही सुटलं नाही. उलट त्यात माझी मिजास होती. कोणत्या वाफ्याचा पहिला तोडा कधी निघणार, हे मी कॅलेंडरकडे न बघता सांगायचो.

या मिजाशीनं माझ्या भावाचे सहा महिने खाल्ले.

भाऊ हिंगणघाटच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंगच्या गेटवर कामाला होता. तिथून विजेच्या मोटारींची तांब्याची तार चोरीला गेली. चाव्या दोघांकडे असत. दुसरा होता तो पळाला. आमचा पळाला नाही, घरी बाबांना जेवू घालत बसला होता, म्हणून सापडला. बाबांचं उजवं अंग लुळं पडलेलं होतं आणि ते फक्त याच्याच हातून जेवत. मी भरवायला बसलो की घास गालात धरून दाराकडे बघत राहायचे.

नोकरानं मालकाकडे चोरी केली तर जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, करायची तर ती का गरजेची आहे ते लिहून द्यायचं, असा कायदा आहे म्हणे. लिहून दिलेलंच होतं. कारणांची छापील यादी होती आणि एकेका ओळीपुढे बरोबरची खूण. पळून जाण्याची शक्यता, बरोबर. साक्षीदारांना धमकावण्याची शक्यता, बरोबर. आमच्या भावानं आयुष्यात कुणाला धमकावलं असेल तर ते कोबीत शिरलेल्या गाईला, आणि तीही त्याला भीत नसे. पण कागद पूर्ण होता. न्यायाधीशांनी तो पाहिला आणि कोठडी दिली.

त्या दिवशी सकाळीच मी वांग्याची रोपं उपटून ओल्या पोत्याखाली ठेवली होती. कोर्टातून परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भाऊ आत गेला म्हणून रोपं थोडीच थांबणार होती? रडत रडत लावली. मग कॅलेंडरपुढे उभा राहिलो आणि सवयीनं दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत पहिली खूण केली. एकाच खुणेत दोघं, वांगी आणि भाऊ.

खालच्या कोर्टानं जामीन नाकारला, वरच्यानंही नाकारला. दुसरा आरोपी फरार आहे, तपास चालू आहे. मग आमच्या वकिलांनी मला एकट्याला बसवून सांगितलं, "हे बघ, साठ दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दिलं नाही तर एकसष्टाव्या दिवशी जामीन हा हक्क आहे. तिथं कोर्टाची मर्जी चालत नाही. पण अर्ज त्यांच्या कागदाच्या आधी पडला पाहिजे. त्यांचा कागद आधी आला की हक्क गेला. एकसष्टाव्या दिवशी सकाळी दहाला येजो, शपथपत्रावर तुझी सही लागते."

"दिवस मोजाचं माह्यावर सोडा साहेब," मी म्हणालो. "आमचा तं धंदाच तो आहे."

ते हसले. मीही हसलो. घरी येऊन बाबांना सांगितलं की लहाना येते, वांगी निघाली की येते. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातून दोन घास गिळले.

माझ्या कॅलेंडरचा साठावा दिवस उजाडला. वांग्याचा पहिला तोडा घेऊन मी हिंगणघाटच्या बाजारात गेलो. माल चांगला होता, लिलावाचा गलका होता. खिशातला फोन वाजलेला कळला नाही. नंतर बघितलं तर वकिलांचे दोन मिस्ड कॉल. उद्या तर भेटायचंच आहे, आता कशाला त्यांना त्रास, असं म्हणून मी फोन खिशात टाकला. हे वाक्य मी तेव्हा मनात ज्या सुरात म्हटलं, तो सूर अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून, वकिलांसाठी वांग्यांची पिशवी घेऊन मी पावणेदहालाच कोर्टाच्या आवारात उभा. वकिलांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काल काऊन नाई आला?"

"काल साठवा होता ना साहेब."

"काल एकसष्टावा होता. ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा कोर्टापुढे उभं करून कोठडी दिली, तो दिवस पहिला. मी बारापर्यंत तुझी वाट पाहिली, मग माझी दुसऱ्या कोर्टात तारीख होती. चार वाजता त्यांनी दोषारोपपत्र दाखल केलं."

मी तिथेच पायरीवर बसलो. पुढे दुसऱ्या एका वकिलानं सांगितलं की शपथपत्र नसतं तरी भागलं असतं, तोंडी मागितला असता तरी हक्क राहिला असता. म्हणजे आमचे वकीलही चुकलेच. मला त्या माहितीनं फार बरं वाटलं, आणि मी ती लगेच वापरली.

वर्ध्याच्या जेलमध्ये भेटीला गेलो. भाऊ जाळीपलीकडे उभा होता, दाढी वाढलेली.

"भाऊ, आत सगळे दिवसच मोजत राह्यतात," तो म्हणाला. "माहा एकसष्टावा कोणता, ते अख्ख्या बराकीले माहीत होतं. मी साबण देऊन टाकला एकाले, चादर दुसऱ्याले. सांजच्या गिनतीवरी दाराकडं पाहत बसलो. काऊन नाई झालं?"

"वकीलच आला नाई," मी म्हणालो.

"त्या वकिलाचं कधी भलं नाई होणार."

मी मान हलवली. होय, हलवली.

चौथ्या महिन्यात बाबा गेले. शेवटचे आठ दिवस त्यांनी काहीच खाल्लं नाही. तोंड मिटून दाराकडे बघत होते. भावाला अंत्यदर्शनाला आणावं म्हणून अर्ज केला, पण परवानगीचा कागद हातात पडला तेव्हा आम्ही राख सावडून परतलो होतो. आणखी चार महिन्यांनी नागपूरच्या हायकोर्टातून जामीन झाला. खटल्यात अजून एकही साक्षीदार उभा राहिलेला नाही. फरार होता तो सापडलेला नाही.

भाऊ आता जिनिंगवर जात नाही, कोणी घेतही नाही. माझ्यासोबत वावरात असतो. कमी बोलतो. बोललाच तर त्या वकिलाला शिव्या घालतो आणि मी ऐकून घेतो. त्या शिव्या कुणाच्या आहेत हे मला माहीत असतं.

परवा आम्ही वांगी लावत होतो. शेवटची सरी, तो त्या टोकाकडून, मी या टोकाकडून. तो वाकलेलाच होता.

"घरी गेलो की खूण करतो," म्हणाला. "उद्यापासून ना?"

काय झालं मला ठाऊक नाही. बाबांच्या वावरात, बाबांचीच रोपं हातात धरून मला हो म्हणवलं नाही.

"आजपासून," मी म्हणालो. "आजचा दिवस धरत जा."

"आजचा? आपण कवा धरतो आजचा? बाबा तं..."

तो थांबला. उभा राहिला. माझ्याकडे बघत राहिला आणि मी मातीकडे.

"भाऊ, तवा माहे दिवस तू कवापासून मोजले?"

"उद्यापासून."

तो रागावेल, अंगावर येईल, असं वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "म्हणजे बाबा मले भेटले असते."

मग तो खाली बसला आणि उरलेली रोपं लावायला लागला. माझ्या टोकापर्यंत आला तेव्हा त्यानं माझ्या हातातली रोपं काढून घेतली आणि तीही लावली.