विहीर ठरवणारी भिंत

कचेरीत किस्से साचायला कुणाला कष्ट घ्यावे लागत नाहीत. साहेब बदलतात, किस्से टेबलाखाली तसेच राहतात. मी ते हसत सांगतो खरा; पण बहुतेकांत गाढव मीच आहे, म्हणून सांगताना लाजही वाटते.

साठीच्या दशकाची सुरुवात. यवतमाळ जिल्ह्यातली एक विकास कचेरी, मी तिथला कारकून. त्या वर्षी आमच्या भागाला एकच सरकारी विहीर मिळणार होती. कुठल्या गावाला द्यायची? नव्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला, शेजारी टेलिफोन आणला, अंगणात पर्जन्यमापक बसवला. "तिन्ही एकत्र आले की निर्णय चुकणार नाही! पुढे तर यंत्रच ठरवील, साहेब नुसती सही करील!"

आमचा चपराशी गुलाबराव पुटपुटला, "आता बी तसंच तं चालू हाये, जी!"

*

पाऊस मोजायचं काम माझ्याकडे. एकदा धो धो पाऊस, कौलं गळत होती, आणि मी रजिस्टरात लिहिलं, "शून्य." मापकात थेंब नव्हता ना! गुलाबरावानं त्याच्यावर टोपलं झाकलं होतं. "नवं यंत्र भिजन नं, बाबूजी!"

मी त्याला हसलो. पण खिडकीबाहेर मी तरी कुठे पाहिलं होतं?

*

मग ते आकडे यवतमाळला फोनवर कळवायचे. मी एवढा ओरडायचो की एकदा बाजारातून बंजारा तांड्याचा नाईक आत आला.

"बाबूजी, तुमचा आवाज तं तसाच पोचून राह्यला. तार कायले लावली?"

*

नकाशावर ज्या गावात विहीर, तिथे निळी टाचणी. ते गाव यादीतून बाद. टाचण्या मीच लावल्या.

अशाच एका बाद गावातून सखूबाई आल्या, नव्यानं बौद्ध झालेल्या वस्तीतल्या. मी ऐटीत नकाशा दाखवला. "बाई, तुमच्या गावात विहीर आहे. बारमाही पाणी!"

"पानी हाये, हे मले बी मालूम हाये," त्या म्हणाल्या. "पन आमाले विहिरीवर चढू देत नाई. कोनी वरून ओतलं तं घागर भरते. तुमच्या टाचनीले हे कसं समजन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे टाचणी उपटली, विहिरीसाठी त्यांच्या वस्तीचं नाव लिहिलं, साहेबांची सहीही आणली. जरा बरं वाटलं.

"लय उन्हात आली, बाबूजी. प्याले पानी देता का?"

टेबलावर माझा पितळी पेला होता. मी लगबगीनं उठलो, माठातून तांब्या भरला, उंच धरला आणि म्हणालो, "धरा ओंजळ!"