खिंड चढवणारे मिस्त्री

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही मिस्त्रींची पद्धत. आपण गाडीची तक्रार सांगू लागलो, की ते दुसरा हात वर करत. “थांबा. आधी तिला सांगू दे.”

चांगला डॉक्टर छाती तपासत असताना तुम्ही पाहिला असेल, तर तो चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटेल. मी तर तो रोजच पाहत होते. म्हणून पहिल्यांदा मला हसू आलं. तेव्हा हसण्यासारखं काही घडलेलं नव्हतं, तरीही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मी पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स म्हणून आले. आसपासच्या गावांतल्या अडलेल्या बायकांना आणायला दवाखान्याकडे एक पिकअप गाडी होती. युद्ध संपल्यावर लिलावात निघालेली, लष्करी रंग तसाच राहिलेली. चालवायला विचुंब्याचा धर्माजी. सपाट रस्त्यावर ती बरी धावे. कर्नाळ्याच्या खिंडीत मात्र तिचा जीव जाई.

एका चैत्रात खिंडीपलीकडच्या गावातून एका बाईला घेऊन येत होतो. दोन दिवस अडलेली. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकू लागली, रेडिएटरमधून वाफ आली आणि ती थांबली.

“चालव ना धर्माजी!” मी मागून ओरडले.

“मी काय करू बाय? ही चढत नाय. पानी ओतलं तरी नाय.”

बाई तिथेच मोकळी झाली, रस्त्याच्या कडेला, माझ्या हातात. मूल रडलं नाही. मी त्याला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला. ते रडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी धर्माजीला घेऊन मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लाकडाच्या वखारीला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. मिस्त्री पनवेलचेच, कोकणी मुसलमान. तिशीचे असतील. घरी म्हातारी आई, आणखी कोणी नाही. मी सगळं सांगितलं. मुंबईचा एक कारागीर मोठा कार्बोरेटर बसवायला सांगतो आहे, हेही सांगितलं. “पण पेट्रोल ठरलेलं आहे, मिस्त्री. दवाखान्याची कमिटी एक डबासुद्धा वाढवून देणार नाही.”

“मोठं तोंड दिलं तर जास्त पिणारच,” ते म्हणाले. “बिचारीला नीट श्वास घेता येत नाही, तर तिला आणखी पाजून काय होणार? जोर तिच्यात आहे, सिस्टर. कुठे अडकलाय ते बघू.”

त्यांनी बॉनेटजवळ पेट्रोलची एक बाटली टांगली, तिची नळी कार्बोरेटरला जोडली आणि गाडी गोव्याच्या रस्त्याला काढली. एक बाटली संपेपर्यंत ती कुठवर जाते, ते बघायचं होतं. पळस्प्याच्या अलीकडेच बाटली संपून ती बंद पडली. मिस्त्रींनी उतरून रस्त्याकडेच्या दगडावर खडूनं फुली मारली. “हे तिचं आजचं दुखणं,” म्हणाले.

पुढचे आठ दिवस मी ड्यूटी संपली की गॅरेजात जात असे. गाडीची चौकशी करायला, असं मी दवाखान्यात सांगायची. स्वतःलाही तेच सांगायची.

त्यांनी इंजिनाचं हेड उतरवून आतला काळा थर खरवडला. व्हॉल्व्ह घट्ट मिटावेत म्हणून त्यांना घासायची पेस्ट लावून, वर चिकटवलेली काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळावं तशी फिरवत तासन् तास बसले. हवेची जाळी रॉकेलमध्ये धुतली, तर तिच्यातून मूठभर माती निघाली. जॅक लावून चाकं हातानं फिरवली. मागचं डावं चाक अर्ध्या फेरीतच थांबलं. “बघा, ब्रेक धरूनच चालत होती ही. एक पाय बांधून डोंगर चढवायचात तुम्ही तिला.” मागच्या फळ्यांखाली लष्करानं ठोकलेले लोखंडी पत्रे होते. चार माणसांनी ते उतरवले. नवं असं फारसं काही लागलं नाही. गॅस्केट, प्लग, रेडिएटरची नळी, एवढंच.

मग धर्माजीची पाळी आली. “क्लच म्हणजे पाय टेकायचा पाट नाही रे बाबा.”

“मंग पाय ठेवू कुठं?”

“घरी ठेवून ये!”

एका संध्याकाळी इंजिन सुरू झालं आणि मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. मूठ आधी स्वच्छ फडक्यानं पुसली. मी तो कानाला लावला. आत खोलवर काहीतरी एकसारखं, मऊ वाजत होतं. पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकताना मी जसा श्वास रोखते, तसाच रोखला. डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. लगेच दुसरीकडे बघू लागले.

“ऐकू आलं?”

“आलं.”

मी स्क्रू-ड्रायव्हर परत दिला. आजही ते सगळं जसंच्या तसं आठवतं.

बाटली पुन्हा टांगली. फुलीवरून गाडी पुढे गेली, पळस्पे मागे पडलं, शिरढोण आलं तरी ती चालतच होती. धर्माजीनं आनंदानं एवढा हॉर्न वाजवला, की एक बैलगाडी शेतात शिरली.

महिनाभरानं त्याच खिंडीपलीकडून दुसरी बाई आणली. पहिलटकरीण, रक्त जात होतं. चढ लागला तशी मी तिचा हात घट्ट धरला. इंजिनाचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. गाडी वर आली, उतरली, दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी दोघी वाचवल्या.

मी तशीच गॅरेजात गेले. मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, “कुठल्या गियरवर चढली?”

“दुसऱ्या. मिस्त्री, मुलगी झाली.”

ते हातातला पान्हा पुसत राहिले. स्वच्छ झाला तरी पुसतच होते. “अल्लाचा शुक्र आहे,” एवढंच म्हणाले.

पुढची तीन वर्षं गाडी दर महिन्याला त्यांच्याकडे जाई. बहुतेक वेळा तिला काही झालेलं नसे. धर्माजीच्या ते ध्यानात आलं होतं. तो भला माणूस, कधी बोलला नाही. त्या काळात, त्या गावात, कोण काय बोलणार होतं? मीही नाही, तेही नाहीत.

मग त्यांची आई गेली. काही महिन्यांनी ते दवाखान्यात आले, पहिल्यांदाच. बहारीनला गाड्यांच्या कारखान्यात काम मिळालं होतं. बोटीवर चढायला देवी टोचल्याचा दाखला हवा होता.

तापलेली नळी उघड्या हातानं धरणारा हा माणूस, सुई दिसताच त्यानं डोळे घट्ट मिटले. “हळू हं, सिस्टर.” मी त्यांचा दंड धरला. स्पिरिटनं पुसला, टोचलं, आणि लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ कापूस दाबून ठेवला.

“आठवड्यानं दाखवायला या. फोड धरला नाही, तर पुन्हा टोचावं लागेल.”

तो आठवडा मी फोड धरू नये म्हणून देवाला विनवत काढला. नर्सनं असं मागू नये.

आठव्या दिवशी ते आले. फोड छान धरला होता. मी दाखल्यावर त्यांचं नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो.

“गाडीकडे लक्ष ठेवा,” ते म्हणाले.

“ठेवीन.”

ते परत आले नाहीत. तिकडेच राहिले, असं पुढे कोणीतरी सांगितलं. गाडीही नंतर भंगारात गेली.

त्या दिवशी दाखला खिशात घालून ते दाराबाहेर पडले, तेव्हा दंडावरची बाही तशीच वर गुंडाळलेली राहिली होती. ते विसरले होते. हाक मारून सांगता आलं असतं. मी दारापर्यंत गेलेही. उन्हात ते रस्ता ओलांडत होते, एक हात उघडा, एक झाकलेला. आतून कोणीतरी “नर्सबाई” म्हणून हाक मारली आणि मी “आले” म्हटलं.