जावेच्या बरणीतला किडा

संग्रहालयात थोरलीला सगळे ‘किडेबाई’ म्हणत. समुद्राच्या चिखलातले अंगभर राठ केस असलेले किडे ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण नवी जात काही तिच्या नशिबी नव्हती. जे सापडे, ते आधीच कुणीतरी नोंदवून ठेवलेलं.

धाकट्या जावेला या कामाला तिनंच लावलं. चिमटा धरायलाही तिनंच शिकवलं. आणि त्या पोरीला ओहोटीच्या पहिल्याच फेरीत नवी जात सापडली! पुढच्या वर्षी आणखी एक. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या, “आमच्या धाकटीनं शोध लावलाय हो!” थोरली आत भांडी आपटत राहिली.

मग धाकटीनं एक बरणी आणून समोर ठेवली. “ताई, ही जात पण नवी वाटतेय. बघता?”

या वेळी हिला तोंडावर पाडायचंच, म्हणून थोरली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. जुन्या जातीच्या केसाला टोकाशी दोन दात असतात. इथं एकच. दुसरा किडा घेतला, तिसरा घेतला. एकच. जात नवी होती, यात शंकाच नव्हती.

“जुनीच आहे,” ती म्हणाली. “दात झिजलेत.”

“तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार.” धाकटीनं मुकाट्यानं बरणी कपाटात ठेवून दिली.

भांडली असती तर बरं झालं असतं. तो विश्वास थोरलीच्या घशाखाली उतरेना. आठवडाभर ती त्या कपाटासमोरून मान खाली घालून जायची. शेवटी तिनंच बरणी काढून धाकटीच्या टेबलावर आदळली.

“नवीच आहे. मी खोटं बोलले.”

“का?”

“जळले म्हणून. अजून जळतेय.”

धाकटीनं बरणी जवळ ओढली. म्हणाली, “वर्णन लिहिते. तपासून द्या.”

लेख छापून आला, तेव्हा किड्याला नाव होतं थोरलीचं. जेवताना नवरा खूश होऊन म्हणाला, “अगं, अमर झालीस की!”

थोरलीनं लेखाचं पान निरखून पाहिलं. रिवाजाप्रमाणे किड्याच्या नावानंतर ते देणारीचं, म्हणजे धाकटीचं, नाव होतं.

“म्हणजे माझं नाव जिथं जाईल, तिथं ही मागोमाग येणारच,” ती पुटपुटली.

“काय म्हणालात, ताई?”

“काही नाही. भाजी वाढ.”