ड्रायर फिरतो, पण तापत नाही

वाळवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. जालना एमआयडीसीत बियाण्याच्या एका प्लांटवर मी मक्याची कणसं वाळवण्याचं खातं सांभाळतो. शेतातून आलेलं ओलं कणीस किती गरम हवेत, किती वेळ ठेवलं म्हणजे दाणा वाळेल पण आतला कोंब मरणार नाही, यावर मी समोरचा कंटाळेपर्यंत बोलू शकतो. बोलतोही. लग्नाच्या पंगतीत बोललेलो आहे. त्यामुळं घरातला कपडे वाळवायचा ड्रायर बिघडला तेव्हा तो मीच दुरुस्त करणार, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

ड्रायर घेतलाही माझ्याच हट्टानं होता. नातेवाईक तोंडावर हसले. टेंभुर्णीचे मामा मुद्दाम बघायला आले, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “अरे, इथं उन्हात माणूस वाळून राह्यलाय, अन् तू कपड्याला मशीन आणून राह्यला?” पण मामांचं घर शेतात. आमचं घर रोलिंग मिलच्या वाऱ्याच्या वाटेवर. गच्चीवर पांढरा कपडा टाकला की संध्याकाळी त्यावर काळे तीळ पेरल्यासारखे ठिपके. आणि बायको दवाखान्यात नर्स, रोजचा युनिफॉर्म पांढरा. ठिपके पुसायला जावं तर ते पसरतात. म्हणून ड्रायर.

एके सकाळी तिनं ड्रायरमधून युनिफॉर्म काढला आणि माझ्या गालाला लावला. गार आणि ओला.

“फिरतो बराबर,” ती म्हणाली, “पण तापत न्हाई.”

“बघतो मी,” मी म्हणालो. हे दोन शब्द मी ज्या आवाजात म्हणतो, तो प्लांटवर ट्रेनी पोरांसाठी राखून ठेवलेला आहे.

मग मी बघितलं. आधी बटण गार हवेवर तर नाही ना, ते पाहिलं. नव्हतं. याचं मला दुःख झालं, कारण तेवढ्यावर भागलं असतं. दारातली जाळी काढून तिच्यावरचा कापसासारखा बारीक धागा झटकला. मशीन पुन्हा लावलं, गारच. मग लाइट कमी येत असेल असं जाहीर केलं. बायकोनं त्याच प्लगला इस्त्री लावली आणि थोड्या वेळानं तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला. चर्र झालं. म्हणजे लाइट पुरेपूर होती. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर संभाजीनगरहून येणार, कधी ते नक्की नाही, वॉरंटी संपलेली.

“अगं, मी रोज ट्रकनं कणसं वाळवतो,” मी म्हणालो. “तुझे चार कपडे काय घेऊन बसलीस? दे इकडं. प्लांटवर वाळवून आणतो.”

“खरंच नेता का?” तिच्या आवाजात विश्वास नव्हता. पण दुसऱ्या दिवशी ड्युटी होती, आणि पाऊस लागून राहिला होता. तिनं पिशवी भरून दिली.

गेटवर वॉचमननं पिशवी उघडली. आत ओले युनिफॉर्म, चादर, माझे बनियन. त्यानं एक बनियन चिमटीत धरून वर केलं. “साहेब, बाहेर जाताना पिशवी चेक करायची ऑर्डर आहे. आत येताना ओले कपडे असले तर काय करावं, ते मला कोणी सांगितलं न्हाई.”

“टेस्टिंग आहे,” मी म्हणालो आणि पुढं निघालो.

कणसांच्या कोठीत जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथं दोरी बांधून मी कपडे लावले. काय सुंदर वाळले! दुपारच्या आत कडक. मी मनात माझं कौतुक करत होतो. सहकाऱ्यांनी येऊन बघितलं, एकानं तर ओलावा मोजायचं यंत्र युनिफॉर्मच्या बाहीला लावायचा आव आणला. संध्याकाळी घडी घालून पिशवी बायकोच्या हातात दिली आणि “घे” एवढंच म्हणालो. विजयी माणसानं जास्त बोलू नये.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून आली ती मान खाजवतच. कॉलरखाली लाल चट्टे उठलेले. मक्याच्या दाण्याच्या टोकाला पातळ लालसर फोलपट असतं. हवेबरोबर ते उडतं, आणि ते सगळं उडून तिच्या युनिफॉर्मच्या शिवणीत जाऊन बसलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ते फोलपट वर्षानुवर्षं माझ्याच डोक्यावर पडत आलं आहे.

“पेशंट मला विचारून राह्यले, सिस्टर, तुम्हाला काय झालं,” ती म्हणाली. “एक आजी म्हणे, बाई, आधी तू झोप खाटेवर. अन् वास? सगळ्या वॉर्डात कुणीतरी कणसं भाजून राह्यलंय असा वास!”

मी माफी मागितली. तिनं खोबरेल तेलाची बाटली माझ्या हातात दिली आणि मान पुढं केली. तेल लावता लावता मी ठरवलं, रविवारी मशीन उघडायचं.

रविवारी शेजारचे भाई आले. त्यांचा मालाचा टेम्पो आहे, आणि तो ते स्वतःच दुरुस्त करतात. निम्मा वेळ टेम्पो चालतो, निम्मा वेळ भाई त्याच्याखाली असतात. येताना त्यांनी वायर चालू आहे की तुटली ते सांगणारं मीटर आणलं.

“भाऊ, बिलकुल टेन्शन नको,” ते मशीनकडं न बघताच म्हणाले. “कॉइल गेली. बराबर कॉइल गेली.”

आम्ही प्लग काढला आणि मागचा पत्रा खोलला. आत दोघांनी डोकं घातलं तेव्हा दोघांचीही छाती थोडी खाली गेली, असं आता वाटतं. भाईंनी कॉइलच्या वायरी सोडवून दोन टोकांना मीटरच्या पिना लावल्या. मीटर बीप करून ओरडलं. म्हणजे कॉइल चांगली. भाईंनी पिना पुसून पुन्हा लावल्या. पुन्हा बीप. “अजीब बात है,” ते म्हणाले. मग थर्मोस्टॅट. तोही ओरडला. त्याच्याशेजारी बोटाच्या पेराएवढा एक फ्यूज होता, दोन वायरी लावलेला. त्याला पिना लावल्या. मीटर गप्प.

“मिळाला!” मी ओरडलो. आम्ही हात मिळवले.

“याला काढू अन् दोन वायरी सरळ जोडून देऊ,” भाई म्हणाले. “जल्दी काम. टेम्पोत मी हेच करतो.”

मला ती कल्पना फार आवडली, हे इथं लिहिलंच पाहिजे. मी वायर सोलायलाही घेतली होती. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच उभी राहिली.

“हा फ्यूज कशासाठी असतो?”

“मशीन जास्त तापलं तर बंद पडावं म्हणून,” मी म्हणालो.

“मंग जास्त कशानं तापलं?”

भाईंनी माझ्याकडं बघितलं, मी मशीनकडं.

“ताप कशानं आला ते बघायचं सोडून तुम्ही थर्मामीटर फोडून राह्यले,” ती म्हणाली. “घर पेटलं म्हंजे?”

चहा पिऊन आम्ही मशीन भिंतीपासून ओढलं. गरम हवा खिडकीतून बाहेर नेणारा जाड पाइप मागं पिळलेल्या धोतरासारखा चेपला होता. उन्हाळ्यात कूलरला जागा हवी म्हणून मीच मशीन गुडघ्यानं रेटून भिंतीला लावलं होतं, आणि “बघ, कशी जागा काढली” असं म्हणून दाखवलंही होतं. पाइप काढून झटकला तर आतून पिंजलेल्या कापसाचा बोळा पडला, मग दुसरा, मग भाई हात घालून ओढतच राहिले.

हवा अडली की दाणा भाजतो. प्लांटवर नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हे वाक्य पाठ करायला लावतो. ते बायकोलाही पाठ होतं, कारण तिनं जेवताना अनेकदा ऐकलं आहे. ती ते म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली नाही, फक्त रिकामे कप उचलले. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

फ्यूज कुरिअरनं मागवला. येईपर्यंत कपडे घरातच खिडक्यांच्या गजांवर, कूलरवर, दारावर वाळत राहिले. पाहुणा आला की आधी चादर बाजूला सारून त्याचं तोंड बघावं लागे. फ्यूज आला, तसे पुढचा रविवार गाठून भाई पुन्हा आले. नवा फ्यूज बसवला, पाइप धुऊन सरळ केला, मशीन भिंतीपासून हातभर पुढं ठेवलं. कूलर बाहेर गेला. प्लग लावला.

आम्ही दोघं काचेसमोर उकिडवे बसलो. आत चादर गरागरा फिरत होती. भाईंनी काचेला तळहात लावला, मग मी लावला.

“गरम!” भाई म्हणाले. “अल्ला कसम, गरम!” आणि बाहेर जाऊन त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून भाभींना हाक मारली.

भाभी हात पुसत आल्या. त्यांनी काचेला बोट लावून बघितलं, आमच्या दोघांच्या काळ्या हातांकडं बघितलं आणि बायकोला म्हणाल्या, “इसके लिए इन्होंने दो इतवार लगाए?”

दोघी हसायला लागल्या आणि हसतच भाभींच्या घरी निघून गेल्या. भाई टेम्पोखाली गेले. मशीन थांबलं. चादर काढून मी थोडा वेळ छातीशी धरून उभा राहिलो. इतकी ऊब होती की सोडवेना. मग युनिफॉर्म काढले, शिवणी उलट्या करून तपासल्या आणि पलंगावर बसून एकेकाची घडी घालायला घेतली.