पाणघोड्याचं गाणं आणि मिस्त्री

माझा धाकटा भाऊ तेहतीस वर्षं पत्रा दाबायच्या मशीनवर उभा होता. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. मशीन खाली आली की पायाखालची फरशी हलायची. त्या दणक्यानं त्याचे कान गेले. पार नाही गेले, बारीक आवाज तेवढे गेले. दारावरची घंटा गेली, पाखरं गेली, आणि बायकोचं बोलणं गेलं, कारण तिचा आवाज मुळात सुईसारखा. कानात यंत्र घालून पाहिलं, तर भांड्यांचा खणखणाट वाढला, शब्द काही उमगेना. मित्र म्हणायचे, मिस्त्री, नशीबवान आहेस, निम्मी भांडणं वाचली. तो हसायचा. पण घरी ती एक सांगायची, हा भलतंच करायचा. तिसऱ्यांदा ओरडून सांगायचा तिला कंटाळा, तिसऱ्यांदा विचारायची ह्याला लाज. मग दोघांनी बोलणंच आवरतं घेतलं.

संध्याकाळी सहा वाजले की ती कार्टून लावायची. पोरं मोठी होऊन गेली, पण हिची आवड काही सुटली नाही. एक पाणघोडा सायकलवरून फिरतो आणि वाटेत सगळं पाडत जातो, एवढीच गोष्ट, आणि मधे त्याचं एक गाणं. ती एकटी बसून हसायची. मिस्त्रीला आतल्या खोलीतून तिचे खांदे हलताना दिसायचे. कशाला हसतेस असं विचारावं, तर पाणघोड्याची गोष्ट ओरडून सांगावी लागणार, आणि शेजारी गोळा होणार. म्हणून तो विचारायचाच नाही. आणि तेच त्याला खात होतं.

एकदा माळा झाडताना मुलाची जुनी गिटार हाताला लागली. साधी नव्हे, बेस गिटार, खर्जात घुमणारी. लांब दांडी, चारच तारा, त्याही दोरखंडासारख्या जाड. पुसता पुसता ह्याचा अंगठा तारेला लागला आणि हा जागीच थांबला. ऐकू आलं होतं! कानाला आलं, छातीलाही आलं. माझ्याकडे आला तेव्हा बोलताना डोळ्यांत पाणी. म्हणाला, "अक्का, किती दिवसांनी कुठला तरी आवाज आपण होऊन माझ्याकडे आला."

मुलाला फोन कोण करणार, म्हणून चिठ्ठी लिहिली. पाणघोड्याचं गाणं हवं. मुलानं कागद धाडला. त्यावर चार रेघा आणि रेघांवर आकडे. एक रेघ म्हणजे एक तार. शून्य म्हणजे तार मोकळी सोडायची, तीन म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या घरात बोट दाबायचं. मिस्त्रीचा जन्म मापं वाचण्यात गेलेला, आकड्यांना तो कसला घाबरतोय. बायको बाजारात गेली की हा बसायचा. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. महिन्याभरात गाणं पाठ झालं. चाल मात्र त्यानं कधी ऐकलीच नव्हती, कागदावर होतं ते खरं.

एके दिवशी सहा वाजता तो गिटार घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसला. पाणघोडा आला, ह्यानं वाजवायला घेतलं. ती बघतच राहिली. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिचे ओठ त्याला वाचता आले. "मशीन आणलीत की काय घरात?"

तो उठला, गिटार माळ्यावर ठेवली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला.

ती हट्टी बाई. दुसऱ्या दिवशी स्टूल लावून तिनंच गिटार उतरवली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि खूण केली, वाजवा. टीव्ही बंदच होता. एका हातानं त्याच्या गुडघ्यावर ठेका धरला. ठेका बरोबर जुळत होता. दुसरा हात तिनं हवेत धरला. गाणं उतरतं तिथं हात खाली, चढतं तिथं वर. मिस्त्री बघत होता. तिचा हात खाली जायचा तेव्हा ह्याची बोटं पातळ तारेकडे जायची, आणि हात वर गेला की जाडीकडे. जाड तारेचा सूर खालचा, पातळ तारेचा वरचा, म्हणजे दर वेळी उलट.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर असते, म्हणून त्यानं वरची रेघ ती जाड तार धरली. कागदावर तर जाड तार सगळ्यात खाली! महिनाभर गाणं डोक्यावर उभं करून वाजवलं होतं.

तो इतका हसला की खोकला लागला. फूटपट्टी घेऊन बसला, चार रेघा नव्यानं ओढल्या, जाड तारेची रेघ वर घेतली आणि पेन्सिलीनं चांगली ठळक केली. पुढचे आठ दिवस ती हातानं दाखवायची, हा वाजवायचा. चुकला की ती मनगटावर टिचकी मारायची. तेवढंच बोलणं, पण किती वर्षांनी!

नवव्या दिवशी गाणं उभं राहिलं, पायावर. तिनं गिटारीच्या लाकडावर तळहात ठेवला होता. मिस्त्री म्हणाला, "तू नसतीस तर मी उलटाच मेलो असतो." तिनं त्याच्याकडे तोंड केलं आणि सावकाश, एकेक शब्द सोडत विचारलं, "मी... का हसते... सांगू का?" आणि तिनं पाणघोड्याची सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली, सायकलवरून पडण्यासकट. एकदाही ओरडली नाही. त्याला सगळी कळली.

अजूनही सहाला कार्टून लागतं. गाणं यायच्या आधी ती टीव्हीचा आवाज पार बंद करते आणि मिस्त्रीकडे बघते.